गाव कुठलं? काळा आजार आणि एचआयव्ही एकाच पेशंटमध्ये सापडतात तेव्हा

महिनाभर ताप. मलेरियाची तपासणी दोनदा झाली, दोन्हीदा निगेटिव्ह. विडाल ‘थोडी पॉझिटिव्ह’ म्हणून टायफॉइडचा एक कोर्स झाला, मग उतारा पडेना म्हणून दुसरा. वजन सात-आठ किलोंनी उतरलं. सोनोग्राफीत पाणथरी (प्लीहा, स्प्लीन) १८ सेंटिमीटर निघाली, हिमोग्लोबिन सात, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट्स कमी. मग कुणीतरी रक्ताच्या कॅन्सरची शंका काढली आणि नातेवाइकांच्या पायाखालची जमीन सरकली.

भिवंडी, उल्हासनगर, चाकण, सातपूर इथल्या दवाखान्यांत अशी जाडजूड फाइल घेऊन माणूस येऊ शकतो. फाइलमध्ये सगळं असतं, पण पेशंटचं मूळ गाव कुठेच लिहिलेलं नसतं. पत्त्याच्या रकान्यात चाळीचा नाही तर लेबर कॅम्पचा पत्ता असतो.

काळा आजार, बिहारी माणसाच्या तोंडी ‘कालाजार’, हा वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरणाऱ्या परजीवीचा आजार. तो महाराष्ट्रातला नाही. म्हणून तो आपल्या डोक्यात येत नाही. त्याला एचआयव्हीची जोड असेल तर तो नेहमीच्या वेषात येत नाही, तपासणीला चकवतो आणि बरा झाल्यावर परत येतो. हा लेख त्या जोड-आजाराबद्दल आहे. स्थलांतरित कामगारांना तपासणारे डॉक्टर, आयसीटीसीतले (एचआयव्ही तपासणी व समुपदेशन केंद्रातले) समुपदेशक, परिचारिका, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते आणि थोडं शिकलेला, भावाची फाइल घेऊन धावणारा नातेवाईक, असे वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. औषधांचे डोस दिले आहेत ते उपचार काय चालले आहेत हे समजावं म्हणून. ही औषधं घरी किंवा छोट्या दवाखान्यात द्यायची नाहीत.

आधी जिल्हा विचारा

भारतात हा आजार ज्या पट्ट्यात आहे तो ठरलेला आहे: बिहारचे ३३ जिल्हे, झारखंडचे ४ (दुमका, गोड्डा, साहिबगंज, पाकुड), पश्चिम बंगालचे ११ आणि पूर्व उत्तर प्रदेशातले ६. एकूण ५४. बिहारमध्ये सारण, सिवान, मुजफ्फरपूर, वैशाली ही नावं ऐकली की कान टवकारले पाहिजेत. भारताबाहेर नेपाळची तराई, बांगलादेश, सुदान, इथिओपिया, ब्राझील ही ठिकाणं आहेत.

‘कुठून आलात?’ विचारलं तर उत्तर ‘मुंबई’ असंच येतं. हिंदीत ‘घर कौन ज़िला पड़ता है?’ असं विचारा. त्याला जोडून दुसरा प्रश्न: ‘पहले कभी कालाज़ार हुआ था? घर में किसी को?’ त्या पट्ट्यातल्या माणसाला हे नाव ठाऊक असतं. आपल्या डॉक्टरांपेक्षा त्याला ते जास्त ठाऊक असतं, आणि कुणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही, एवढंच.

‘गाव सोडून तर दहा वर्षं झाली’ या उत्तराने शंका पुसू नका. वाळूमाशी चावल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण दोन ते सहा महिने जातात, पण कित्येकांच्या शरीरात परजीवी वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. प्रतिकारशक्ती शाबूत आहे तोवर माणूस धडधाकट असतो. एचआयव्हीने ती खाली आणली की जुना पाहुणा जागा होतो. शिवाय ही माणसं छठला, लग्नसराईला, रोपणीला पवन एक्सप्रेस पकडून गावी जातातच.

हे दोन आजार एकमेकांना पोसतात

लिशमानिया डोनोवनी हा परजीवी शरीरातल्या भक्षक पेशींमध्ये घर करतो. त्याला आवरायचं काम ज्या पेशींच्या हुकमाने होतं त्या सीडी-४ पेशी एचआयव्ही मारतो. म्हणून एचआयव्ही असलेल्या माणसाला, त्या पट्ट्यात राहत असेल तर, काळा आजार होण्याचा धोका शंभरपट किंवा त्याहूनही जास्त असतो. उलट बाजूने, काळा आजार अंगात धुमसत असला की विषाणूची वाढ जोरात होते आणि एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) चालू असूनही सीडी-४ वर चढत नाही. एकावरच उपचार केले तर दुसरा त्या उपचारांवर पाणी फिरवतो.

ही जोडी जगाच्या नजरेत पहिल्यांदा आली ती १९८५ च्या सुमारास, दक्षिण युरोपात. तिथे इंजेक्शनच्या सुया वाटून नशा करणाऱ्यांत ती पसरली. इथिओपियात हुमेरा आणि मेतेमाच्या तिळाच्या शेतांवर हंगामी मजुरीला जाणाऱ्या तरुणांत ती आहे. बिहारमध्ये तिचा संबंध स्थलांतराशी आहे. पोट भरायला घरापासून लांब गेलेली माणसं एचआयव्ही आणि कालाजार दोन्हींच्या तावडीत सापडतात, आणि या वाटेवर मुंबई-सुरत येतात, हे आपण मान्य करायला हवं.

बिहारमध्ये काळ्या आजाराच्या प्रौढ आणि किशोरवयीन पेशंटांची सरसकट एचआयव्ही तपासणी केली गेली, तेव्हा शंभरात पाच-सहा जण पॉझिटिव्ह निघाले. त्यातल्या बऱ्याच जणांना हे आधी ठाऊकच नव्हतं.

पोटाला हात लावा

दोन आठवड्यांहून जास्त ताप, मोठी पाणथरी, उतरलेलं वजन, फिकटपणा आणि मलेरियाच्या गोळ्यांना व अँटिबायोटिकना दाद नाही, हे काळ्या आजाराचं नेहमीचं रूप. त्वचा काळवंडते म्हणून हे नाव पडलं. भूक मात्र कित्येकदा टिकून असते. ‘ताप आहे पण जेवतो व्यवस्थित’ हे नातेवाइकांचं वाक्य लक्षात ठेवण्याजोगं आहे.

एचआयव्ही सोबत असला की चित्र विस्कटतं. पाणथरी फारशी वाढलेली नसते. ताप येतो-जातो. महिनोन्महिने जुलाब लागतात, कारण परजीवी आतड्यात पोचलेला असतो. कधी तो फुप्फुसात किंवा त्वचेत सापडतो. म्हणून एआरटीवर असलेला बिहारचा माणूस बारीक होत चाललाय, रक्त वाढत नाही आणि सीडी-४ दोनशेच्या खाली अडकलाय, एवढ्यावरही शंका घ्यायला पुरे आहे.

झोपवून, गुडघे दुमडायला सांगून, बेंबीखालच्या उजव्या बाजूपासून डाव्या बरगडीकडे हळूहळू हात नेत पाणथरी शोधा. सापडली तर बरगडीच्या कडेपासून टोकापर्यंत टेपने मोजा आणि सेंटिमीटरमध्ये तारखेसह लिहून ठेवा. ‘स्प्लीन++’ लिहू नका. सहा महिन्यांनी आजार उलटला की नाही हे ठरवताना हाच आकडा कामी येतो, आणि त्या वेळी समोर दुसराच डॉक्टर असतो.

पहिल्या रक्त-तपासणीत हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स तिन्ही खाली दिसतात. अल्ब्युमिन कमी आणि ग्लोब्युलिन जास्त असतं. याच चित्रात बसणारे दुसरे आजारही आहेत: शरीरभर पसरलेला टीबी, लिम्फोमा, ल्युकेमिया, हिस्टोप्लाझ्मोसिस. विदर्भातल्या डॉक्टरला मोठी पाणथरी दिसली की सिकल सेल आठवतो, आणि तिथल्या पेशंटसाठी ते बरोबरच आहे. समोरचा माणूस सिवानचा असेल तर मात्र यादीचा क्रम बदलतो.

एक गोष्ट करू नका. निदान झाल्याशिवाय ‘ताप उतरावा’ म्हणून स्टिरॉइड देऊ नका. दोन दिवस बरं वाटतं आणि आत आग भडकते.

एचआयव्हीची तपासणी औषधाच्या आधी

काळा आजार ठरलेल्या प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी व्हायला हवी. ‘हा तसा वाटत नाही’ ही सबब चालत नाही. यामागे साधा हिशेब आहे. एचआयव्ही नसलेल्या पेशंटला भारतात २०१४ पासून लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बीचा एकच डोस देतात, किलोमागे १० मिलिग्रॅम. एका दुपारी काम संपतं, पेशंट दुसऱ्या दिवशी घरी. एचआयव्ही असलेल्याला तोच एक डोस दिला तर तोही आठवडाभरात टवटवीत होतो, सगळे खूश होतात, आणि काही महिन्यांत ताप परत येतो. म्हणजे कुठला उपचार द्यायचा हेच या चाचणीवर ठरतं.

सरकारी आयसीटीसीत चाचणी मोफत होते. आधी समुपदेशन, मग संमती, आणि पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर वेगवेगळ्या किटवर खात्री. पॉझिटिव्ह ठरलेल्याची सीडी-४, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) आणि टीबीची तपासणी त्याच फेरीत उरकून घ्या. टीबी विसरू नका. या जोडीत तो तिसरा भिडू वारंवार निघतो, आणि ताप व वजनाचा सगळा दोष काळ्या आजाराच्या माथी मारला की टीबी निसटतो.

उलट दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. महाराष्ट्रातल्या एआरटी केंद्रात नाव असलेला, मूळचा त्या ५४ जिल्ह्यांतला पेशंट असेल तर त्याच्या कार्डावर जिल्हा लिहा आणि दर भेटीत पोटाला हात लावा. याला खर्च काही नाही.

आरके-३९ची पट्टी काय सांगते, काय सांगत नाही

बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा, दहा-पंधरा मिनिटांत दोन रेघा. आरके-३९ या चाचणीने बिहारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत क्रांती केली यात शंका नाही. पण ती परजीवी शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाचं शरीर पुरेशी प्रतिपिंडं बनवू शकत नाही. त्यामुळे आजार असूनही पट्टी कोरी राहू शकते. अशा पेशंटमध्ये एका निगेटिव्ह पट्टीवर फाइल बंद करणं ही घोडचूक. डीएटी नावाची दुसरी प्रतिपिंड-चाचणी सोबत केली तर पकडण्याची शक्यता वाढते.

दुसरं टोकही आहे. आजार बरा झाल्यावरही पट्टी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येत राहते, आणि त्या पट्ट्यातल्या काही धडधाकट लोकांतही ती पॉझिटिव्ह असते. म्हणून आधी कालाजार होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा ताप आला तर पट्टी कामाची नाही. तिथे परजीवी प्रत्यक्ष दिसायला हवा.

तो दिसतो पाणथरीतून किंवा बोन मॅरोतून सुईने काढलेल्या नमुन्यात. जिम्सा रंग दिलेल्या काचेवर भक्षक पेशींच्या पोटात बारीक ठिपके दिसतात, त्या एल.डी. बॉडीज. एल म्हणजे लिशमन, डी म्हणजे डोनोवन. लिशमनने डमडमच्या छावणीत तापाने आजारी पडलेल्या सैनिकाच्या पाणथरीत ते पाहिले, डोनोवनने मद्रासमध्ये. दोघांनी आपली निरीक्षणं १९०३ मध्ये छापली. पाणथरीचा नमुना सर्वात खात्रीचा, पण तो घेणं म्हणजे रक्ताने भरलेल्या पिशवीत सुई घालणं. प्लेटलेट्स ४०,००० च्या खाली असतील किंवा रक्त गोठायला वेळ लागत असेल तर तो घ्यायचाच नाही, आणि घेतल्यावर काही तास पेशंटवर नजर ठेवायची. महाराष्ट्रातल्या बहुतेक रुग्णालयांत याचा सराव नाही. तेव्हा बोन मॅरो घ्या. त्याची खात्री थोडी कमी असते, पण धोकाही कमी. शिवाय ल्युकेमियाच्या शंकेने तो तसाही होणारच असतो. मात्र पॅथॉलॉजिस्टला चिठ्ठीवर ‘एल.डी. बॉडीज पाहाव्यात’ असं ठळक लिहा. न सांगता त्या ठिपक्यांकडे लक्ष जाईलच असं नाही. एचआयव्हीत परजीवींची संख्या इतकी जास्त असते की रक्ताच्या पीसीआर चाचणीतही तो बहुधा सापडतो, कधी साध्या रक्ताच्या काचेवरही.

पाटण्याला पाठवायचं की इथेच?

पाटण्याच्या अगमकुआं भागात राजेंद्र मेमोरियल रिसर्च इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस आहे, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची संस्था. काळ्या आजारावर देशात सगळ्यात जास्त अनुभव जिथे आहे त्यांतली ती एक, आणि एचआयव्हीसोबतच्या पेशंटवरचे उपचार तिथे नेहमीचे आहेत. पेशंटला घरचं माणूस हवं असेल, तो चालता-बोलता असेल, तर तिथे जाणं केव्हाही चांगलं.

पण हिमोग्लोबिन पाच, नाकातून रक्त, काविळीची झाक किंवा दम लागतोय, अशा माणसाला जनरल डब्यात बसवून दीड दिवसाच्या प्रवासाला पाठवणं म्हणजे जबाबदारी झटकणं. ठेकेदार ‘गाव भेज दो’ म्हणतो तेव्हा त्याला हे स्पष्ट सांगायला हवं. अशा पेशंटला जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात भरती करा. रक्त देणं, जंतुसंसर्ग आवरणं हे तिथे होतं. औषधाच्या सोयीसाठी रुग्णालयाने जिल्हा हिवताप अधिकाऱ्याला कळवायचं. कीटकजन्य आजारांची सरकारी साखळी तिथून सुरू होते आणि काळ्या आजाराची औषधं त्या कार्यक्रमातून येतात. या उपचारात लागणाऱ्या मिल्टेफोसिनच्या कॅप्सूल बाहेरच्या औषध दुकानात शोधत फिरण्यात वेळ दवडू नका.

चौदा दिवसांचा उपचार

जून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या जोड-आजारासाठी नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दक्षिण-पूर्व आशियासाठी, म्हणजे आपल्यासाठी, सूचना अशी: लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी किलोमागे ५ मिलिग्रॅम, दिवस १, ३, ५, ७, ९ आणि ११ ला शिरेतून, म्हणजे एकूण किलोमागे ३० मिलिग्रॅम. सोबत मिल्टेफोसिनच्या कॅप्सूल रोज १०० मिलिग्रॅम, १४ दिवस. पूर्व आफ्रिकेत इंजेक्शन तेच, पण मिल्टेफोसिन २८ दिवस. तिथे आजार जास्त चिवट आहे, आणि कोर्सनंतर परजीवी गेला का हे तपासून गरज पडली तर दुसरी फेरी देतात.

या सूचनेचा आपल्यापुरता पाया बिहारमध्येच घातला गेला. १५० पेशंटांवरच्या चाचणीत निम्म्यांना नुसतं ॲम्फोटेरिसिन किलोमागे ४० मिलिग्रॅम दिलं, निम्म्यांना वरची जोडी. सात महिन्यांनी आजार न उलटता टिकलेले पहिल्या गटात ८५ टक्के होते, दुसऱ्यात ९६ टक्के. इंजेक्शन कमी लागलं आणि गुण जास्त आला.

आता ४५ किलोच्या माणसाचा हिशेब मांडू. एका वेळचा डोस २२५ मिलिग्रॅम. कुपी ५० मिलिग्रॅमची, म्हणजे साडेचार कुप्या. उरलेली अर्धी कुपी दोन दिवसांनंतर वापरता येत नाही, म्हणून दर वेळी पाच फोडाव्या लागतात. सहा डोसांना ३० कुप्या. मागणीपत्रात ‘२७’ लिहिलं तर अकराव्या दिवशी धावपळ ठरलेली.

ॲम्फोटेरिसिन हे नाव महाराष्ट्राला नवं नाही. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसच्या पेशंटांचे नातेवाईक शहरभर जे इंजेक्शन शोधत होते ते हेच. त्यामुळे ते हाताळलेल्या परिचारिका आता जिल्हा रुग्णालयांतही आहेत, आणि खालच्या गोष्टी त्यांना पाठ असतील.

कुपीत आधी निर्जंतुक पाणी, मग पुढची पातळ करणी फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सलाइनमध्ये कधीच नाही, औषध फुटून गोळे होतात. मूत्रपिंड जपायला आधी सलाइनची बाटली लावली असेल तर नळी डेक्स्ट्रोजने धुऊन मगच औषध सोडायचं. सुरुवातीला थोडंसं देऊन अर्धा तास थांबून पाहायचं. थंडी वाजणं, कंबरेत कळ, छातीत दडपण आलं तर वेग कमी करायचा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन सुरू करण्याआधी आणि कोर्सभर दर काही दिवसांनी. पाय गळून गेल्यासारखे वाटतात, धडधडतं, लघवी कमी झाली, असं पेशंट म्हणाला तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

मिल्टेफोसिन सकाळी ५० आणि रात्री ५०, पोटभर जेवणानंतर. उलट्या-जुलाब हा त्याचा नेहमीचा त्रास. घाबरून कॅप्सूल बंद करू नये, पण पाणी कमी पडू देऊ नये; ॲम्फोटेरिसिन चालू असताना कोरडं पडलेलं शरीर म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी मार. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसलं तर मात्र लगेच कळवायचं आणि डॉक्टर सांगेपर्यंत पुढची कॅप्सूल घ्यायची नाही.

बाईमाणूस असेल तर पहिली कॅप्सूल देण्याआधी गर्भधारणेची तपासणी अनिवार्य. हे औषध गर्भाला अपाय करतं, शरीरात रेंगाळतं, त्यामुळे कोर्सदरम्यान आणि नंतर पाच महिने खात्रीचं गर्भनिरोधक हवं. हे नवऱ्यासमोर, सासूसमोर घाईत सांगून चालत नाही, वेगळं बसवून सांगा. गरोदर बाईला नुसतं ॲम्फोटेरिसिन.

जुनं अँटिमनीचं इंजेक्शन, एसएजी, या पेशंटांना देऊ नये. बिहारमध्ये ते कधीच बोथट झालं, आणि एचआयव्ही असलेल्यांत हृदयाला व स्वादुपिंडाला त्याची इजा जास्त होते. या अँटिमनी घराण्याचा मूळपुरुष, यूरिया स्टिबामाइन, कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२० च्या सुमारास बनवला आणि लाखो जीव वाचवले. पण शंभर वर्षांपूर्वीचं उपकारक औषध आजही चालेल असं नसतं.

पाचव्या-सातव्या दिवशी ताप उतरतो. भूक सुटते. मग नवव्या दिवसाचा डोस उजाडेपर्यंत पेशंट ‘छुट्टी दे दो, काम पे जाना है’ म्हणू लागतो. हा टप्पा आधीच सांगून ठेवलेला असेल तर निभावतो. ‘सातव्या दिवशी तुला बरं वाटेल आणि तू निघायचं म्हणशील. थांबायचं आहे’ हे पहिल्याच दिवशी बोला.

एआरटी कधी?

पेशंट आधीपासून एआरटीवर असेल तर ती बंद करायची नाही, व्हायरल लोड पाहायचा. गोळ्या घेऊनही विषाणू दबत नसेल तर एआरटी केंद्राने औषधं बदलण्याचा विचार करायला हवा.

नव्याने एचआयव्ही सापडला असेल तर काळ्या आजाराचा उपचार सुरू झाल्यावर, पेशंट सावरला की लगेच एआरटी. महिनोन्महिने थांबणं घातक. टीएलडी या नेहमीच्या एआरटी गोळीतलं टेनोफोविर आणि ॲम्फोटेरिसिन दोन्ही मूत्रपिंडाला जड, म्हणून त्या दिवसांत क्रिएटिनिनवर डोळा ठेवायचा. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविरची जादा ५० मिलिग्रॅमची गोळी बारा तासांच्या अंतराने लागते. हे एआरटी केंद्राला माहीत असतं, पण टीबीची फाइल तिसऱ्याच इमारतीत असते. तिन्ही फाइली एका पिशवीत ठेवायला पेशंटला सांगा. खरंच सांगतो, यानेच निम्म्या चुका टळतात.

गुपित आणि पैसा

काळ्या आजाराबद्दल गावात उघड बोललं जातं. आशाताई घरी येते, फवारणीवाले येतात, बिहार सरकार बुडालेल्या मजुरीपोटी आणि पोषणासाठी ७,१०० रुपये देतं (त्यात ५०० केंद्राचे). त्यासाठी सरकारी रुग्णालयाची कागदपत्रं लागतात, म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायला सांगा. एचआयव्हीबद्दल मात्र एक शब्द फुटला तर माणूस गावातून उठतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही आणि संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही, ठेकेदारालाही नाही. आशाताईच्या हाती जाणाऱ्या कागदावर काळ्या आजाराची नोंद पुरेशी. एआरटीचं पुस्तक वेगळं, पेशंटच्या ताब्यात. काही अडलं तर १०९७ ही एड्सची मोफत हेल्पलाइन आहे.

गावी असलेल्या बायकोचं काय, हा सर्वात अवघड भाग. तिची तपासणी व्हायलाच हवी, आणि ते नवऱ्यानेच तिला सांगावं यासाठी समुपदेशकाला दोन-तीन बैठका द्याव्या लागतात. त्या द्या.

खोलीतल्या सोबत्यांना आधी भीती वाटते, मग ते भांडी वेगळी करतात. त्यांना सांगा: दोन्हीपैकी एकही आजार ताटातून, अंथरुणातून, खोकल्यातून पसरत नाही. काळा आजार पसरवायला मादी वाळूमाशी लागते. ती डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी, आवाज न करणारी, ओलसर मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात राहणारी. वाळूमाश्या महाराष्ट्रातही आहेत. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला गेलेला विषाणू त्याच पसरवतात. पण काळ्या आजाराचं चक्र आपल्याकडे बसलेलं नाही.

गावाकडच्या घरासाठी एकच सूचना: वर्षातून दोनदा फवारणीवाले येतात तेव्हा देवघर आणि स्वयंपाकघरही फवारू द्यायचं, आणि त्यानंतर भिंती लगेच सारवायच्या नाहीत. नव्या सारवणाखाली औषध गाडलं जातं.

ताप परत आला तर

एचआयव्ही नसलेला पेशंट बहुधा कायमचा बरा होतो. एचआयव्ही असलेल्याच्या शरीरातून परजीवी पूर्ण जात नाही असंच धरून चालायचं. सीडी-४ दोनशेच्या खाली असेपर्यंत तो केव्हाही डोकं वर काढू शकतो, आणि प्रत्येक वेळी आजार उलटल्यावर उपचार जास्त अवघड होतो. म्हणून २०२२ च्या सूचनांत पहिल्याच आजारपणानंतर प्रतिबंधक औषध सुचवलं आहे: ठरावीक अंतराने, साधारण महिन्याला, ॲम्फोटेरिसिनचा एक डोस, इथिओपियात पेंटामिडीन वापरलं जातं. सीडी-४ दोनशेवर चढून काही महिने तिथे टिकला की डॉक्टर ते थांबवायचं ठरवतात. मजुरी करणाऱ्या माणसाने दर महिन्याला एक दिवस शिरेत सुई लावून घ्यायची, हे कागदावर सोपं आणि जगायला कठीण आहे. एआरटीच्या गोळ्या घ्यायच्या दिवशीच ते जमवलं तर टिकण्याची शक्यता वाढते.

पाठपुरावा १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी, आणि पुढे एआरटीच्या प्रत्येक भेटीत. दर वेळी तीनच गोष्टी: वजन, हिमोग्लोबिन, पाणथरीचे सेंटिमीटर. पाणथरी हळूहळू, काही महिन्यांत आत जाते, तेव्हा पहिल्या महिन्यात ती लागली म्हणून घाबरू नये. आत गेलेली पुन्हा बाहेर आली, वजन घसरू लागलं किंवा ताप दोन आठवडे टिकला तर आरके-३९ न करता थेट बोन मॅरो किंवा पाणथरीचा नमुना. आजार उलटलाय असं ठरलं तर पुन्हा पूर्ण कोर्स. त्वचेवर फिकट चट्टे किंवा गाठी उठल्या तर तेही दाखवायचं. हा कालाजाराचा त्वचेतला अवशेष असतो, आणि त्यातून वाळूमाशीला पुन्हा परजीवी मिळतो.

देशात २००७ मध्ये ४४ हजारांवर पेशंट होते. आता वर्षाला हजाराच्या आत आले आहेत, आणि २०२३ अखेर त्या पट्ट्यातल्या सर्व ६३३ ब्लॉकांत (तालुक्यासारख्या भागांत) वर्षाला दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी पेशंट, हे उद्दिष्ट गाठलं गेलं. आजार दुर्मीळ झाला की तो ओळखणारे डोळेही दुर्मीळ होतात, आणि उरलेल्या पेशंटांत एचआयव्हीवाल्यांचं महत्त्व वाढतं, कारण परजीवी त्यांच्यातच सर्वात जास्त काळ टिकून राहतो.

डिस्चार्जच्या दिवशी पेशंटच्या पाकिटात मावेल असं एक कार्ड हिंदीत लिहून द्या. नाव, जिल्हा. ‘कालाज़ार का इलाज हुआ’, तारखा, एकूण किती मिलिग्रॅम ॲम्फोटेरिसिन, मिल्टेफोसिन किती दिवस. शेवटचं वजन, हिमोग्लोबिन, पाणथरी किती सेंटिमीटर. पुढची तारीख. आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘दो हफ़्ते बुख़ार रहे तो यह कार्ड दिखाएँ।’ त्या कार्डावर एचआयव्ही लिहू नका. ते दुसरं पुस्तक केव्हा, कुणाला दाखवायचं हे त्याच्याशी बोलून ठरवा, आणि ‘डॉक्टरला मात्र दाखवायचंच’ हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.